बाप्तिस्म्यानंतरचे प्रश्न

गोष्ट १८८५च्या सुमाराची. इंग्लंडमधल्या वाँटेज या छोट्या गावातल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर जेराल्डिन यांची इच्छा होती, की नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या एका मराठी बाईनं गळ्यात क्रॉस घालावा. क्रॉसवर शब्द लॅटिन. साधी गोष्ट होती. घालून टाकला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बाईंनी पत्र लिहून विचारलं, की लॅटिनच का? लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. आमच्याकडच्या ब्राह्मणांना संस्कृत ही देवाची भाषा वाटते, तसंच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं का? क्रॉस घालायचाच असेल तर त्यावर संस्कृत शब्द हवेत. संस्कृत पवित्र आहे म्हणून नव्हे, तर ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. वय सत्तावीस. विधवा. सोबत चार वर्षांची मुलगी. आणि राहणं, खाणं, शिकणं हे सगळं त्याच सिस्टर लोकांच्या मदतीवर चाललेलं.

रमाबाई म्हटलं की आपल्याला दोन-तीन गोष्टी आठवतात. संस्कृत पंडिता, शारदा सदन, मुक्ती मिशन, आणि हो, त्या ख्रिस्ती झाल्या. या शेवटच्या मुद्द्यावर एक तर भांडण होतं किंवा पटकन विषय बदलला जातो. धर्म बदलला, मग गोष्ट संपली, असंच आपण धरून चालतो. पण खरी मजा पुढे आहे. हिंदू धर्माला त्यांनी जितके प्रश्न विचारले, तितकेच ख्रिस्ती झाल्यावर ख्रिस्ती धर्मालाही विचारले. तेही बाहेर उभं राहून नाही, आत राहून.

थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी त्यांनी पेशव्यांच्या वाड्यात एका बाईला संस्कृत शिकताना पाहिलं आणि ते डोक्यात बसलं. पुढे त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बायकांना ही भाषा शिकवतोस म्हणजे काय, असा जाब त्यांना उडुपीला धर्मपंडितांपुढे द्यावा लागला, आणि त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून तो दिला. म्हणजे प्रश्न विचारायची सवय रमाबाईंना घरातूनच मिळाली, पण या घरातल्या कुणाचीही देवावरची श्रद्धा कमी नव्हती. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं आणि त्यावर पोट भरायचं.

मग १८७४ ते ७७च्या दुष्काळाची वर्षं आली. होते नव्हते ते पैसे या कुटुंबानं दानधर्मात, व्रतवैकल्यात घातले. उपास केले, जप केले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत कबरीसारखे खड्डे खणून त्यात झोपायचे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायचे. शास्त्रात सांगितलेलं सगळं करून झालं होतं आणि हाती हे आलं होतं. दोघांचाही विश्वास तिथेच हलला. सोवळंओवळं मात्र सवयीनं चालूच राहिलं.

१८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय फक्त वीस! ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी पहिल्यांदा पाहिली तीही इथेच. सगळे जण खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. बहीणभावाला वाटलं, ही मंडळी खुर्चीची पूजा करतात. पुढे म्हातारपणी रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. कुणीतरी संस्कृत बायबल भेट दिलं, पण त्यातलं काही कळलं नाही. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचलेत का विचारलं. रमाबाई म्हणाल्या, बायकांना तो अधिकार नाही. सेन यांनी वेदाची प्रतच हातात ठेवली. वेद आणि धर्मशास्त्रं वाचत गेल्या तसं त्यांच्या लक्षात आलं, की ग्रंथांचं आपापसात कशावरच एकमत नाही, पण बाई ही पापी आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, यावर मात्र आहे.

पुढची दोन वर्षं फार वेगानं गेली. १८८०ला भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी रजिस्टर लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून गहजब झाला. सिल्चरला संसार, १८८१ला मुलगी मनोरमा, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं बिपिनबाबू गेले. सिल्चरच्या घरात त्यांना ल्यूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली होती. त्या आवडीनं वाचायच्या, पण नवऱ्याला हे फारसं रुचलं नव्हतं. विधवा झाल्यावर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. डॉक्टर व्हायचं होतं. आपण धर्म बदलणार नाही, असं जाण्याआधी त्यांनी सांगितलंही होतं.

१८८३ मध्ये त्या वाँटेजला पोचल्या. सोबत मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. तिथल्या सिस्टरना मराठी शिकवायचं आणि त्याबदल्यात राहायचं, असं ठरलं होतं. बहिरेपणा वाढत चालल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न सुटलं. याच काळात सिस्टर लोकांचं लंडनजवळच्या फुलहॅममधलं काम त्यांनी पाहिलं. ज्या बायकांना समाज वाया गेलेल्या म्हणून टाकून देतो, त्यांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. हे का करता, असं विचारल्यावर येशू आणि शमरोनी स्त्रीची भेट ही गोष्ट त्यांना वाचून दाखवली गेली. आपल्याकडच्या कुठल्याच ग्रंथात पतित बाईशी असं बोललेलं त्यांना सापडलं नव्हतं. त्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे आधीच ख्रिस्ती झालेले पंडित फादर गोऱ्हे, यांच्या पत्रांची भर पडली. पण त्याच काही महिन्यांत एक भयंकर गोष्टही घडली. आपलं धर्मांतर करतील या भीतीनं आनंदीबाई भगत खचत गेल्या आणि त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ला, रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. मैत्रिणीच्या मृत्यूनंतर इतक्या लवकर हा निर्णय त्यांनी कसा घेतला असेल, हे मला अजून नीट समजलेलं नाही. समजल्यासारखं दाखवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात अर्थातच खळबळ माजली. वर्तमानपत्रांनी झोडपलं. बाजूनं उभे राहणारे थोडे होते, त्यातले एक जोतीराव फुले. १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. इकडे इंग्लंडमध्ये सगळे खूश होते. एवढी मोठी ब्राह्मण पंडिता आपल्यात आली! आता ती शांतपणे शिकेल आणि भारतात जाऊन आपलं काम करेल, असा त्यांचा हिशेब. आणि इथून पत्रं सुरू होतात.

सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई आजीबाई म्हणायच्या. इंग्रजी पत्रातही आजीबाईच. त्या बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता होत्या, आणि नातं खरंच मायेचं होतं. म्हणूनच ही भांडणं वाचताना त्रास होतो. आजीबाईंना वाटायचं, लेकरानं ऐकावं. लेकराचं म्हणणं, मला आधी पटवून द्या.

पहिली मोठी ठिणगी पडली ती त्रैक्याच्या प्रश्नावर. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एकच देव, हे ख्रिस्ती श्रद्धेचं मूळ. रमाबाई ब्राह्मो विचारांतून आलेल्या, एकच ईश्वर हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्या म्हणाल्या, बायबल मी वाचलं, ख्रिस्त मला मान्य आहे, पण चर्चनं नंतरच्या शतकांत मांडलेले सिद्धांत बायबलमध्ये मला सापडत नाहीत. अथनेशियन क्रीडमध्ये हे न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल असं म्हटलंय, ते त्यांना अजिबात मान्य नव्हतं. कुमारी मातेपोटी जन्म, चमत्कार, यांवरही शंका. आणि बाप्तिस्मा घेताना मी ख्रिस्ताचा स्वीकार केला, अँग्लिकन चर्चच्या प्रत्येक मताचा नाही, ही त्यांची भूमिका.

सिस्टरना हा गर्व वाटला. नवशिकं माणूस शिक्षकाला कसं काय आव्हान देतं? चर्च शतकानुशतकं जे सांगत आलंय त्यापुढे एकटीची बुद्धी ती काय! यावरचं रमाबाईंचं उत्तर थेट होतं. त्यांचं म्हणणं होतं, की आपल्याकडच्या भटभिक्षुकांच्या जोखडातून मी एवढ्या कष्टानं सुटले, ते दुसरं तसलंच जोखड मानेवर घ्यायला नाही. मला विवेक दिलाय तो देवानंच, मग तो गहाण कसा टाकू? आणि तुमच्याच देशात इतके पंथ आहेत, प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं, मग नव्या माणसानं कुणाचं ऐकायचं?

गंमत म्हणजे वाद फक्त मोठ्या तत्त्वज्ञानाचे नव्हते. जेवणाचेही होते. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगही नको म्हणायच्या. सिस्टरना वाटलं, जातीचा अभिमान अजून सुटलेला नाही. रमाबाईंचं म्हणणं, ख्रिस्ती होणं आणि इंग्रज होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या चालीरीतींनी कुणाचं वाईट होत नाही त्या मी का सोडू? आज हॉस्टेलच्या मेसमध्ये कोण काय खातं यावरून जी भांडणं होतात ती आठवली, फक्त इथे पारडं उलटं आहे.

मग मुलांना शिकवायचा प्रश्न आला. रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या. भारतात जाणाऱ्या तरुण पुरुषांनाही त्यांनी भाषा शिकवावी अशी कल्पना निघाली, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर भारतातल्या बायकांमध्ये तिची पत राहणार नाही म्हणे. रमाबाई भडकल्या. आईनं किंवा मी पुरुषांना शिकवायला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्यानं, आणि तुम्ही इंग्रज लोक घेता, याचंच त्यांना नवल वाटलं. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भरसभेत बोललेली बाई ती. ज्या धर्मात बायकांना मान आहे म्हणून त्या आल्या होत्या, तिथले अधिकारीही तेच बोलत होते.

आणि सगळ्यात नाजूक भांडण मनोरमाचं. रमाबाई चेल्टनहॅमला असताना मनोरमा बराच काळ वाँटेजला सिस्टरांकडे असायची. ही पोर आमच्याच लोकांची राहिली पाहिजे, तिला मराठी आलं पाहिजे, ती साहेबीण होता कामा नये, असं आईचं म्हणणं. आणि जे गूढ सिद्धांत मोठ्यांना समजत नाहीत ते चार-पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आत्ताच भरू नका. येशूवर प्रेम करायला शिकवा, पण बाकी काय मानायचं ते तिला मोठी झाल्यावर ठरवू द्या. विचार करा, मुलगी ज्यांच्या घरात आहे त्यांनाच हे लिहायचं. त्यांनी हात काढून घेतला असता तर? परतायचं कुठे? पुण्यात आता घर नव्हतंच. एवढी जोखीम असताना गप्प बसून मान डोलावणं किती सोपं होतं.

या सगळ्यात एक वेगळा सूर आहे चेल्टनहॅमच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील यांचा. रमाबाई जन्मल्या त्याच वर्षी, १८५८ला, त्या प्रिन्सिपल झालेल्या. त्या स्वतः श्रद्धेच्या संकटातून गेलेल्या होत्या. रमाबाईंना हुकूम देऊन चालणार नाही, तिच्या प्रश्नांना तिच्याच पातळीवर उत्तरं द्यायला हवीत, असं त्यांनी सिस्टरांना समजावलं. त्या स्वतः रमाबाईंशी लांबलचक पत्रांतून चर्चा करायच्या. दोघींचं सगळं जमलं असं नाही. पण रमाबाई ज्या मोकळेपणानं बीलबाईंना लिहितात, तो आजीबाईंना लिहिताना दिसत नाही. शंका घेतल्याबद्दल ओरडा बसणार नाही हे कळलं, की माणूस जास्त प्रामाणिक होतो बहुतेक.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि तिथेच राहिल्या, जवळजवळ तीन वर्षं. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं, देशभर भाषणं दिली. डिसेंबर १८८७ला बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायचं तिनं कबूल केलं. इथेही अनेक पंथांचे लोक मदतीला होते, पण रमाबाईंनी कुठल्याच पंथाचं लेबल लावून घेतलं नाही.

११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील असं वचन होतं. नंतर शाळा पुण्याला गेली. रमाबाई खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायच्या. १८९३ला यावरून स्फोट झाला. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, ‘केसरी’नं कोरडे ओढले, पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी, की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना लपवणारही नाही आणि आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. मला इथे पालकांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांनी वचनावर विश्वास ठेवून विधवा लेकी पाठवल्या होत्या, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी शिक्षिकेचं उघडं दार हेही एक आमंत्रणच असतं. मनोरमाच्या बाबतीत आईनं सिस्टरना जे सुनावलं होतं, तेच हे पालक आता तिला सुनावत होते.

पुढचा भाग मला अवघड गेला. १८९१च्या आसपास, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, रमाबाईंना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर सगळं डोक्यानं झालं होतं. त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्या आहेत. त्यांची श्रद्धा ठाम झाली. १८९७च्या आणि १९००च्या दुष्काळात मध्य प्रांत आणि गुजरातेतून त्यांनी उपाशी मुली-बायका आणल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि तिथली संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. १९०५ला तिथे मोठं धार्मिक जागरण झालं, शेकडो मुली मोठ्यानं रडत प्रार्थना करू लागल्या. काही अभ्यासकांना वाटतं, पत्रांमधली तर्कटी रमाबाई इथे हरवली. पत्रं वाचून आलेल्या मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दुष्काळात स्वतःचे आईवडील उपाशी मेलेली बाई दुष्काळातल्या मुली उचलून आणते आणि त्यांच्यासोबत गुडघे टेकते, याला हरवणं म्हणायला मन धजत नाही. शिवाय गप्प त्या तेव्हाही बसल्या नव्हत्या. १८९७ला पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी दैना झाली, त्यावर त्यांनी सरकारविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं होतं.

आणि त्यांचा जुना प्रश्न राहिलाच होता. शब्द कुणाच्या भाषेत? मिशनऱ्यांनी केलेलं मराठी बायबल होतं, पण त्यातले जड संस्कृत शब्द मुक्तीतल्या शेतकरी घरच्या बाईला कळत नव्हते. आणि अशा शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थही चिकटून येतात, हे संस्कृतच्या पंडितेशिवाय आणखी कुणाला इतकं कळणार? एकेकाळी क्रॉसवर संस्कृत मागणाऱ्या बाईनं आता संस्कृत बाजूला ठेवून साधी मराठी निवडली. कुणाच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबायचं नाही म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची शेवटची बरीच वर्षं मूळ ग्रंथावरून एकटीनं भाषांतर करत बसल्या. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी केलं.

तिकडे आजीबाईंनी रमाबाईंची ती सगळी भांडखोर पत्रं फेकून दिली नाहीत. जपून ठेवली, क्रमानं लावली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपात छापली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात.

जुलै १९२१ला मनोरमा गेली. मुक्तीचं काम तीच पुढे नेणार असं आईनं धरलं होतं. त्यानंतरही रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ती संपली, आणि ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ला.